शीतल मगदूम, मुली गट

आमच्याकडे शीतल हे मुलाचं नाव.
समडोळीत, दुधगावात नुसती हाक मारा,
चार मिशीवाले वळून बघतील.
पण बाहेरून आलेल्या त्या कारकुनाला हे कोण सांगणार?
त्याने टाइप केलं:
शंभर मीटर फ्रीस्टाइल, मुली, सोळा वर्षांखालील,
लेन तीन, त्रिशला मगदूम,
लेन चार, शीतल मगदूम.

भिंतीवरचा कागद बघून
भाऊ कानापर्यंत लाल झाला
आणि मी हसून हसून पायरीवर बसले.
मग हिशेब सुचला. हसू थांबलं.

माझं एक मिनिट नऊ.
त्याचं एक मिनिट दोन.
तलाव एकच, क्लोरीन एकच,
पहाटे पाचला पांघरूण ओढणारी आई एकच,
सायकलसुद्धा एकच, मी पुढे दांडीवर.

नेहमी असं नव्हतं.
दहाव्या वर्षी मी भिंतीला हात लावून वळायचे
तर तो अजून पाण्याशी भांडत असायचा.
बाराव्या वर्षी बरोबरी.
मग एका उन्हाळ्यात त्याचे खांदे
पाहुण्यासारखे घरात आले आणि राहिलेच.
शर्ट उसवले, आवाज फाटला,
तळवे वल्ह्याएवढे.
माझंही अंग काहीतरी करत होतं त्याच वेळी,
पण ते घड्याळाच्या बाजूचं नव्हतं.

घाटगे सर म्हणाले, शंभरात दहा.
जगभर साधारण एवढाच फरक, त्रिशला,
जगज्जेत्या बायकांनाही चुकलेला नाही.
त्यांना वाटलं, धीर दिला.
मी दहाचा पाढा म्हणत
वीस वेळा तलाव ओलांडला.

रविवारी मात्र नदी.
आयर्विनच्या पुलाखालून निघायचं ते हरिपूरच्या संगमाला लागायचं,
मागे गुळाच्या जुन्या काहिलीत अण्णा,
सौद्यावरचे हळदीने पिवळे हात काठावर.
तिथेही शीतलच पुढे. खोटं कशाला सांगू?
पण वारणेचं पाणी लागेपर्यंत
तो इतकाच पुढे असायचा
की मी हाक मारली तर त्याला ऐकू यायची.

तर, त्या दिवशी पंचांनी पेन मागवलं,
रेघ मारली, बाण काढला,
आणि शीतल या कागदावरून त्या कागदावर गेला.
मी बाणाकडे बघत राहिले.
माझ्याही नावाला एक जोडला असता
तर मी तिकडे नववी.
लेन आठच.

इकडे मी पहिली आले, तो तिकडे पाचवा.
घरी जाताना वाटेत तो म्हणाला, तुझं सोनं आहे.
मी म्हटलं, तू सात सेकंद आधी पोचलास.
पुढे चढ लागला,
दोघंही उतरून चालत गेलो.

आता त्याच तलावावर घड्याळ माझ्या हातात असतं.
याद्या मी दोनदा वाचते.
यंदा दहा वर्षांखालील मुलींत एक शीतल दिसली,
लेन चार.
म्हटलं, झालं पुन्हा तेच,
आणि पेन घेऊन शोधत गेले.

ती खरंच मुलगी निघाली. कुपवाडची.
गॉगल केसांत गुंतलेला, ओठ थंडीने निळे.
पेन बघून घाबरली.
बाई, माझं नाव नका खोडू,
मी कालच आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरांना हरवलंय.

मी पेनाला टोपण लावलं.
गॉगल सोडवायला मात्र वेळ लागला.