छाट

नरसव्वा, तुझी गाठ मला डोळे मिटून ओळखू येते:
दोऱ्याचे दोन वेढे, तिसरा अर्धाच,
आणि नखाने दाबलेलं तोंड.
बावीस वर्षं विडी घरकुलात एकाच ओट्यावर
आपण सुपं मांडीवर घेतली.
तू तेलुगूत शिव्या द्यायचीस, मी न कळता हसायचे,
मालनबी मधोमध बसून
कट्टे मोजायची, तिघींचे.

मग पलीकडच्या गल्लीतून चंद्रकला आली.
शेंगा चटणी आणायची, वाटी परत न्यायची नाही.
मला म्हणाली, तुझ्यासारखी विडी अख्ख्या ब्रँचमधी नाही.
तुला काय म्हणाली, ते तू कधी सांगितलं नाहीस.
मालनबीला म्हणाली, त्या दोघी तुझ्या माघारी...
आणि वाक्य तिथंच सोडलं.
उरलेलं आम्ही आपापल्या घरी पूर्ण केलं.

मे महिना. पत्र्याखाली पानंसुद्धा भाजत होती.
चेकरनं माझ्या हजारातल्या दोनशे छाटल्या.
चंद्रकला कानाशी आली:
"नरसव्वानं आपल्या कच्च्या विड्या तुझ्या टोपलीत सारल्या की गं.
म्या बघितलं. पन माझं नाव घिऊ नको."

चेकरला विनवून छाटीतला एक कट्टा घरी आणला.
लाईट नव्हती.
अंधारात एकेक गाठ बोटांनी चाचपली.
उलटी. दुसरी उलटी. सगळ्याच.
डावखुऱ्या हाताच्या.
आणि ब्रँचमधे डावखुरी एकच.

म्हणजे मला कळलं होतं, नरसव्वा.
त्याच रात्री.
तरी सकाळी सूप उचलून मी चंद्रकलाच्या दारात बसले,
कारण सगळ्यात चांगली विडी माझी, असं
तुम्ही दोघींनी बावीस वर्षांत
एकदाही म्हटलं नव्हतं.

भिशीची पहिली उचल घेऊन ती गेली,
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात.
वाटी आहे माझ्याकडे. तिच्यात मी काही ठेवत नाही.

काल तू आलीस. ओलं फडकं, कातर, चष्म्याची नवी काडी.
विचारलं काहीच नाहीस.
माझ्या सुपातली अर्धी पानं ओढून घेतलीस
आणि एक शिवी दिलीस.
मी हसले नाही.
पहिल्यांदाच तिचा अर्थ विचारला.

तू सांगितला नाहीस.
दोन वेढे घातलेस. तिसरा अर्धाच.

मधली जागा रिकामी होती.
कट्टे किती झाले,
दोघींपैकी कुणीच मोजलं नाही.