बंद खाती

एकेक पुसत होतो आधी.
प्रत्येक सभासद मेमरीत उठून बसायचा,
पावत्यांना हाका मारायचा,
मग सगळं बिऱ्हाड निघायचं.
तासाभरात एकशे बारा.

कलगोंडा सर म्हणाले,
"अशानं निपाणीत दिवाळी उजाडंल की रे."

मग एकच ओळ लिहिली:
ज्यांची बाकी शून्य
त्यांच्या पावत्या आधी, नावं नंतर,
हजारहजारांचे घास,
कुणाला न उठवता.
नऊ हजार, चहा निवायच्या आत.

शेवटचा घास अडला.

विडी वळणारी बाळाक्का, दोनदा.
मराठीत शून्य.
कन्नडात अकरा रुपये,
आणि वारस म्हणून
मराठीतली तीच.

सरांनी कप ठेवला.
"एकच बाई हाय ती.
अकरा रुपये देऊन ये.
मग पूस.

हातानं."