पट्टी सोडल्याचा निरोप

कुओपियोच्या पुढे चाळीस किलोमीटर, तळ्याकाठचा नाचमंडप.
मी दुकानातून आले होते, डिकीत एक आवाजाची पेटी,
एक रेकॉर्डर, तीन केबली.
औलिस चौथऱ्यावर वाट बघत होता,
मांडीवर अकॉर्डियन, झोपी गेलेल्या मुलासारखं.

त्याच्या पोटात कुणीतरी कधीचं मिडी बसवून दिलेलं.
वापरलं एकदाही नाही.
"मेव्हण्याने दिलेल्या सूटसारखं," तो म्हणाला.

गोल तोंड, पाच पिना.
त्यातल्या दोन नुसत्या उभ्या, करवल्यांसारख्या.
मी सांगत गेले: हे आउट, हे इन.
बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला लावायचं.
तोंडाला तोंड लावलं तर नुसती शांतता.
"ती होतेच," तो म्हणाला, कॉफीच्या खिडकीकडे बघत.
आणि तिसरं, थ्रू:
ऐकलं ते तसंच पुढच्याला सांगणारं,
पदरचं काही न घालता. (अशी माणसं मला भेटलेली नाहीत.)

"म्हणजे या तारेतून माझा सूर जाणार?"
नाही. सूर जात नाही, निरोप जातो.
कुठली पट्टी दाबली, किती जोरात,
आणि मग, कधी सोडली.
पलीकडची पेटी तो वाचते
आणि आपल्या गळ्याने गाते.

आधी काहीच वाजलं नाही.
हा चौथ्या चॅनलवर बोलत होता,
पेटी पहिल्यावर कान देऊन बसलेली.
आकडा फिरवला. वाजलं.
पण सपाट, इस्त्री मारल्यासारखं,
प्रत्येक सूर चौसष्ट, तसूभर कमी नाही की जास्त.

औलिसने भात्यावर तळवा ठेवला.
"आणि हा?"
खरंच की. त्याचा जोर बोटांत नव्हताच कधी,
आणि निरोपात भाता लिहायचा राहून गेला होता.
मागच्या पट्ट्याखाली, धुळीत, एक बारीक खटका सापडला:
भात्याचा दाब, कंट्रोलर अकरा.
वर केला,
तशी पेटी दम घ्यायला लागली.

एक टँगो भरून घेतला. दुःखी.
दुसऱ्या प्रकारचा इथे मिळत नाही.
रेकॉर्डरने आवाज कणभरही ठेवला नाही,
फक्त हात ठेवले.

दहा वाजता, उजेड अजून बर्चच्या सालींवर
जाऊ की नको करत असताना,
तोच टँगो मी स्पीकरवर लावला.
औलिसची बोटं मांडीवर हलली, मग थांबली.
हातांचं काय करायचं, त्याला कळेना.

मंडपात पाटी पेटली: आता बायका विचारतील.
हिल्क्काने कॉफीची खिडकी ओढून घेतली.
चव्वेचाळीस उन्हाळे हा इथे बसून
दुसऱ्यांच्या बायकांना नाचवत आला,
आणि ती पाव, सुटे पैसे, कुणाचा कोट कुठल्या खुंटीवर.
हात ॲप्रनला पुसत ती चौथऱ्यापाशी आली.
मान किंचित लववली, रीतीप्रमाणे.
अकॉर्डियन माझ्याकडे आलं. जड. अजून कोमट.

त्याला नाचता येत नव्हतं.
ज्याच्या तालावर अख्खा तालुका फिरला
तो स्वतःच्याच ठेक्याला चुकत होता,
आणि ती त्याला पुढे ढकलत होती,
फ्रिज सरकवावा तसं.

शेवटच्या ओळीला त्याचा बूट केबलीत अडकला.
प्लग निसटला.
दाबल्याचा निरोप पोचला होता,
सोडल्याचा वाटेतच राहिला.
पेटीने तो एकच सूर धरून ठेवला, इमानाने,
कुणी थांब म्हणालं नव्हतं म्हणून.

बाकीच्या जोड्या थांबल्या, हसल्या, माझ्याकडे वळल्या.
ती दोघं नाही.

याच्यासाठी एक बटण असतं. सगळे सूर बंद.
माझं बोट त्यावर होतं.
तळ्यावर उजेड होता, कानाशी डास.
दाबलं मी.
लगेच नाही.