माग बंद करतो

ओजस, म्हणून हाक मारली
तर मान हलत नाही.
लाईट जाऊन चारही माग थांबले
की मात्र झटकन वळतो.

"कान नीट आहेत की मग," आई म्हणाली,
"तूबी साडेतीन वर्षांचा होईस्तोवर मुकाच होतास."
आम्ही सगळे हसलो.
तो कांड्या लावत होता,
रिकाम्या, दारापासून मोरीपर्यंत एका ओळीत.
एक माझ्या पायानं सरकली
तर रात्री नऊपर्यंत रडला.

अंगणवाडीच्या मुल्ला बाई आधी काही बोलल्या नाहीत.
समोरच्या पत्र्यावर वानर आलं,
सगळी पोरं बोट दाखवून ओरडली.
ह्यानं बाईंचं मनगट धरलं
आणि नेलं पंख्याच्या बटणाकडं.
त्यांनी वहीत तारीख लिहिली.
संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या, "मिरजेला दाखवून या.
घाबरायचं म्हणून नाही, उशीर नको म्हणून."

ताण्यातला एक धागा तुटला
तर विट्याच्या ह्या अंधाऱ्या शेडमध्ये
मला दहा फुटांवरनं कळतं.
दोन वर्षं हे पोर मांडीवर होतं.
तुटलं बहुतेक काहीच नव्हतं,
म्हणून दिसलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी एक शब्द दिला, स्वमग्न.
येताना एसटीत बायको तो हळूच म्हणून बघत होती,
तासगाव येईपर्यंत.

आता हाक मारायच्या आधी मी माग बंद करतो.
तो वळतो,
माझ्याकडं नाही, शांततेकडं.
मी पटकन तिथं जाऊन उभा राहतो.