सुटे मजले

एकास दोनशे या मापात
एक मजला अठरा मिलिमीटरचा.
मी चाळीस कापले, घासले, कडा मोडल्या,
प्रत्येकाच्या पोटात चुंबकाची टिकली बसवली,
म्हणजे बैठकीत कुणी 'कमी करा' म्हणालं
तर कमी करता यावेत, आवाज न होता.

सावंतवाडीत आमच्याकडे लाकडाची केळी व्हायची,
आंबे, सीताफळं, देठासकट.
खरं दिसावं आणि खाता येऊ नये
एवढंच चिताऱ्याचं कसब.
मनामात तेच करतो. फक्त फळं नाहीत.

प्लॉट बाब-अल-बहरीनच्या मागे, दोन गल्ल्या आत.
हॉटेल होतं तिथे. पाडलं त्याला अकरा वर्षं झाली.
शेजारच्या भिंतीवर अजून
त्याच्या जिन्याची तिरपी खूण आहे,
आणि तिसऱ्या मजल्याच्या न्हाणीघराच्या
निळ्या फरशा, चौदा,
अधांतरी.
खाली गाड्या उभ्या राहतात, फुकट.
शुक्रवारी सकाळी क्रिकेट:
सिल्हेटची पोरं, दोन नेपाळी, पंच म्हणून मी.
जिन्याच्या खुणेवर चेंडू लागला की सहा.
उंचीचा प्रश्न तिथे केव्हाच मिटलेला आहे.

बैठकीत तीन तास मिटला नाही.
मालकाचा पुतण्या नवाफ म्हणाला, चाळीस.
चाळिसाव्यावरून समुद्र दिसेल.
गल्लीतले हाजी मक्की म्हणाले,
मी पोर होतो तेव्हा जमिनीवरून दिसायचा.
सगळे हसले.
ते हसले नाहीत.
नगरपालिकेच्या बुदूर बाई म्हणाल्या, बारा.
गल्ली सहा मीटर, बंब वळेल कसा?
आणि त्या गच्च्या बघा, उन्हं कलल्यावर
बायका तिथे केस मोकळे सोडून बसतात,
त्यांच्या डोक्यावर तुमच्या अठ्ठावीस खिडक्या?
बँकेचा माणूस काही म्हणाला नाही,
त्याने गणकयंत्र उलटं ठेवलं.

मी काढत होतो, ठेवत होतो.
चाळीस. बारा. चोवीस. पुन्हा चाळीस.
उतरंड रचावी, मोडावी, रचावी
आणि आत धान्य नाहीच.

तेवढ्यात शेरदिल चहा घेऊन आला.
त्याचा गाडा प्लॉटच्या उत्तर अंगाला, वीस वर्षं.
ट्रे धरूनच त्याने विचारलं:
आणि सावली?

कुणीतरी दिवे घालवले.
मी टॉर्च धरला: जून, पावणेबारा,
सूर्य जवळपास टाळूवर.
चाळीस मजल्यांची सावली दोन बोटं.
बाराची, नखाएवढी.
अंधारात सगळे त्या दोन बोटांकडे बघत राहिले,
नवाफसुद्धा.
शेरदिल म्हणाला, बारापेक्षा माझी छत्री बरी,
आणि चाळिसापर्यंत माझं आयुष्य पुरायचं नाही.
मग साखर कुणाला कमी, ते विचारलं.

ठरलं एकोणीस.
कुणालाच नको होता तो आकडा,
म्हणून सगळ्यांना चालला.

उरलेले एकवीस मजले मी पिशवीत घातले.
वजन असं काही नाही,
पण चालताना एकमेकांना धरून राहत होते
आणि मध्येच सुटत होते, खट्,
माझ्या गुडघ्याशी.

आता ते शेरदिलच्या गाड्यावर आहेत.
पत्र्याला चिकटतात, वाऱ्याने उडत नाहीत,
ग्लास ठेवायला बरे.
परवा सव्विसावा माझ्या वाट्याला आला.
(मागे पेन्सिलीने आकडे आहेत, माझेच.)
त्यावर चहाचं गोल वर्तुळ उमटलंय,
थोडं बाहेर गेलेलं, कडेवरून.
इथून समुद्र दिसत नाही.
निळ्या फरशा दिसतात, तेरा.
एक परवाच्या षटकारात गेली.