दरमहा रुपये अकरा

माझे आतोबा, दिनकर त्रिंबक लांभाते,
राहणार चंद्रभागा, जुनी इंदूर,
यांच्यापाशी मोडीतली एक सनद होती:
देवडीवरच्या घड्याळास रोज किल्ली द्यावी,
त्याबद्दल दरमहा रुपये अकरा,
पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने,
यावच्चंद्रदिवाकरौ.

संस्थान विलीन झालं. चंद्र आणि दिवाकर राहिले.
नव्या सरकारचं पत्र आलं
की या खर्चास अंदाजपत्रकात जागा नाही.
डोंगरे वकील म्हणाले, किल्ली देणं थांबवू नका,
आपल्या अंगाने करार मोडता कामा नये.
म्हणून नऊ वर्षं
बिनपगारी घड्याळ चालत राहिलं,
मुन्सफापासून दिल्लीपर्यंत.

दिल्लीला ते एकदाच गेले.
रतलामला गाडी बदलून,
डब्यात दशम्या, पिशवीत सनद, सदऱ्यात गुंडाळलेली.
सगळ्यात मोठं कोर्ट तेव्हा स्वतःच्या घरात नव्हतं,
संसदेच्या इमारतीत बिऱ्हाड करून होतं,
पूर्वी राजेरजवाडे जिथे सभा भरवत त्याच दालनात.
आतोबा सांगत, "म्हटलं, बरं झालं.
ज्यांनी शब्द दिला त्यांच्याच बैठकीत विचारताहेत
शब्द कुणाचा होता म्हणून."
पाच न्यायमूर्ती. तिघे लिहीत होते,
एक छताकडे बघत होते,
आणि डावीकडून शेवटचे,
त्यांनी सनद हातात मागून घेतली.
मोडी येत नसावी, तरी
शिक्क्यावरून बोट फिरवलं.

निकाल चार विरुद्ध एक.
चौघांनी मिळून लिहिली छत्तीस पानं:
जुनं राज्य मावळलं की त्याची वचनंही मावळतात,
नवं राज्य मान्य करील तेवढीच पुन्हा उगवतात.
एकाने लिहिली सव्वाचार.
त्यात एक वाक्य:
राजा जातो, रयत तीच राहते,
आणि वचन रयतेला दिलं होतं.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी
आतोबांनी किल्ली तहसिलीत जमा केली.
पोच घेतली: पितळी, नग एक.
घड्याळ सहा-चाळीसला थांबलं म्हणतात.
मला ते दोन-दहा आठवतं.

पुढे मी हायकोर्टात लागले, नकल शाखेत.
तेवीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल ताडून पाहिले,
स्वल्पविरामांसकट.
एका जुलैत दिल्लीहून निकाल आला, सात न्यायमूर्तींचा,
बडवानीकडच्या कुणा इनामदाराच्या अपिलात.
एकोणिसाव्या पानावर तेच वाक्य. त्याखाली:
तेव्हाचं अल्पमत हाच बरोबर कायदा होता,
बहुमताची चूक झाली.
असं लिहितात ते. इतकं सरळ.
कुणाचं नाव घेऊन, कुणाची माफी न मागता.

नक्कल घेऊन गेले. आतोबांना आता ऐकू कमी.
कानाशी मोठ्याने वाचलं,
इंग्रजीचं मराठी करत, अडखळत.
"म्हणजे जिंकलो?"
"नाही. जिंकले बडवानीचे.
आपला निकाल कायम. तो अंतिम होता."
"चुकीचा, पण अंतिम."
"हो."
पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीने
अकरा गुणिले महिने असा हिशेब मांडला,
हातचा धरला,
आणि निम्म्यावर सोडून दिला.
आत्याने दूध आणून ठेवलं. त्यावर साय धरली.

मग म्हणाले,
"ते डावीकडचे. त्यांना कुणी कळवलं का गं?"

ते वारून अकरा वर्षं झाली होती, हे मी सांगितलं नाही.
नक्कल कुणाकुणाला धाडायची
त्याचा आमच्याकडे छापील फॉर्म असतो:
अपीलकार, प्रतिवादी, खालचं कोर्ट.
चौथा रकाना नाही.

"बघते," म्हणाले.