पियानोचे पैसे

ग्रिम्सबीच्या जुन्या गोदीपाशी आमचं अन्नछत्र.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
हॅडॉकचं कालवण, पाव,
आणि कोपऱ्यात कुणीच न वाजवणारा पियानो.
त्याच्या झाकणावर डायवा कांद्यांची टोपली ठेवते.

मी इथली खजिनदार.
एकतीस वर्षं लिलावघरात माशांची वजनं लिहिली,
त्यातून बर्फाचं वजन वजा करायला शिकले.
तेवढ्या भांडवलावर यांनी मला विश्वस्त केलं.

मिस लॉफ्टहाउस गेल्या, तेव्हा मृत्युपत्रात एक ओळ निघाली:
सहा हजार पौंड, फक्त आणि फक्त पियानोच्या निगेसाठी.
दुसरा 'फक्त' जरा दाबून लिहिलेला,
कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तर लागतो.

म्हणून माझ्या वहीत दोन रकाने.
डावीकडे या महिन्यात चारशे अकरा.
उजवीकडे, पियानोच्या नावे, पाच हजार दोनशे.
गॅसचं बिल नऊशे,
डायवाचा पगार वेगळा,
आणि नगरपालिकेचं अनुदान फेब्रुवारीपासून
विचाराधीन.

बैठकीला सात जण. केटलीला उकळी फुटायच्या आत
क्लिफर्डनं चष्मा पुसला. तो अध्यक्ष.
"एकच महिना. उजवीकडचे डावीकडे.
अनुदान आलं की जिथल्या तिथे.
पियानोला काय कळतंय, हेस्टर?"
कुणीतरी हसलं. सूचक मिळालाच होता.
अनुमोदनासाठी सेयीनं हात वर न्यायला घेतला,
अर्ध्यावर थांबवला, माझ्याकडे पाहिलं.
एकोणतीस वर्षांचा. आमच्या संस्थेची घटना
शेवटपर्यंत वाचलेला बहुधा तो एकटाच.

मी म्हणायला हवं होतं: कायदा.
म्हणायला हवं होतं: गेलेल्या बाईचा शब्द.
दोन्ही खरं,
आणि दोन्ही माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं.
मी वही उघडली, तीन वर्षं मागे गेले,
डिसेंबर, गोदीत पाणी शिरलं तो आठवडा.
उजव्या रकान्यात, पेन्सिलनं, बारीक:
साडेतीनशे.

फ्रीजर बंद पडला होता. रात्र होती.
आत दोनशे माणसांचं मांस.
मी कुणाला फोन केला नाही. हातचा धरला,
मुलं बेरजेत धरतात तसा.

"परत भरलेस ना?"
भरले, माझ्या पेन्शनीतून, आठ आठवड्यांनी.
ते आठ आठवडे मी वाढायला उभी राहायचे
ती पियानोकडे पाठ करून.

केटली खट्कन बंद झाली. चहा कुणी ओतेना.
नोरीननं विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं?"
घे, म्हटलं. शाईनं.
सेयीचा हात केव्हा खाली आला
मला दिसलं नाही.

ठरलं ते एवढंच:
लिंकनला त्यांच्या भाचीला पत्र,
वकिलाला पत्र,
आणि अनुदान येईस्तोवर शनिवार बंद.
डायवा दारापलीकडे लीकच्या जुड्या चिरत होती.
सुरीचा आवाज थांबला,
मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

पाटी मीच लिहिली.
दर शनिवारी दोन डबे घेऊन येणारा एक म्हातारा
ती ओठ हलवत वाचून म्हणाला,
"पण तुमच्याकडे पैसे आहेत म्हणतात."
आहेत, म्हटलं.
आपले नाहीत.
त्यानं मान हलवली, पटल्यासारखी नव्हे,
वारा कुठला आहे ते पाहिल्यासारखी.
डबे पिशवीत घातले.

भाचीचं उत्तर अजून नाही.
काल सूर लावणारा आला, ठरलेल्या तारखेला,
टोपली उतरवून झाकण उघडलं,
आतून कांद्याची सालं निघाली.
मग तासभर एकच पट्टी, पुन्हा, पुन्हा,
ऐकायला चुकीची नव्हती, बरोबरही नव्हती,
आणि तो किल्ली केसभर फिरवत राहिला.

शनिवार होता. बाहेर रांग नव्हती.
ऐंशी पौंडांची पावती घेतली,
उजव्या रकान्यात लिहिलं:
पाच हजार एकशे वीस.